प्राण्यांच्या रक्तासाठीचा थ्री-पार्ट काउंटर: मलेरियाच्या औषधांची चाचणी त्याच्या भरवशावर करावी का?

इम्पीडन्सवर (विजेच्या अडथळ्यावर) चालणारा, प्राण्यांच्या रक्तासाठी 'व्हेट' मोड असलेला थ्री-पार्ट हिमॅटॉलॉजी ॲनालायझर, म्हणजे रक्तपेशी मोजणारा आणि पांढऱ्या पेशी तीन गटांत वाटणारा काउंटर, आज औषधशास्त्राच्या अनेक छोट्या प्रयोगशाळांत टेबलावर दिसतो. कंपनी कुठलीही असो, आतली रचना जवळपास एकच असते. एक बारीक छिद्र, त्यातून एकेक करून जाणाऱ्या पेशी, प्रत्येक पेशीगणिक विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, आणि हिमोग्लोबिनसाठी प्रकाश मोजणारा वेगळा कप्पा. वॉलेस कोल्टर यांना या तत्त्वाचं पेटंट १९५३ मध्ये मिळालं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. म्हणून हे परीक्षण एखाद्या मॉडेलचं नसून या सगळ्या वर्गाचं आहे, आणि तेही एकाच कामापुरतं: मलेरियाविरोधी औषधांचे रक्तावरचे दुष्परिणाम रॅट, माऊस किंवा सशात तपासणं.

आमचं मत आधीच सांगतो. मोजणीसाठी यंत्र चांगलं आहे. पण या औषधांचे जे परिणाम सगळ्यात आधी उमटतात, म्हणजे मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन), हाइन्झ बॉडी (लाल पेशीत साचणारे बिघडलेल्या ग्लोबिनचे गोळे) आणि रेटिक्युलोसाइटची (नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशींची) घट, त्यांतला एकही याच्या कागदावर छापून येत नाही. वर हाइन्झ बॉडी यंत्राचे बाकीचे आकडेही बिघडवतात. यंत्र घ्या, पण मायक्रोस्कोप आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर कपाटात टाकू नका.

जमेची बाजू रक्ताच्या थेंबाची. बहुतेक मॉडेलना एका फेरीला १० ते २० मायक्रोलिटर पुरतात. २५ ग्रॅमच्या माऊसच्या अंगात सगळं मिळून सुमारे १.८ मिलिलिटर रक्त असतं. जिवंत प्राण्यातून एका वेळी त्याच्या १० टक्क्यांहून जास्त काढू नये हा नेहमीचा दंडक, म्हणजे हाती येणार जेमतेम १८० मायक्रोलिटर. त्यातच सीबीसी (सगळ्या रक्तपेशींची मोजणी), मेथहिमोग्लोबिन, रेटिक्युलोसाइट आणि दोन स्मिअर (काचपट्टीवर ओढलेले रक्ताचे पातळ थर) बसवायचे असतात. २५० ग्रॅमच्या रॅटमध्ये साधारण १६ मिलिलिटर रक्त असल्याने तिथे ही ओढाताण नसते. वारंवार रक्त काढण्याचा एक परिणाम अनेक अहवालांत निसटतो: सुईनेच रक्त कमी झालं की हाडांतली मज्जा जोर धरते आणि रेटिक्युलोसाइट वाढतात. औषधाने ते घटवलेले असले तर दोन्ही गोष्टी एकमेकींना झाकतात. म्हणून कंट्रोल गटातूनही तितकंच रक्त, तितक्याच वेळा काढायचं.

प्रजातीचं सेटिंग हा पहिला अडथळा. माणसाच्या लाल पेशीचं सरासरी आकारमान ८० ते १०० फेम्टोलिटर, रॅटचं ५० ते ६० च्या आसपास, माऊसचं त्याहून थोडं कमी. मानवी मोडमध्ये लाल पेशी आणि प्लेटलेट यांच्यामधली सीमा मोठ्या पेशी धरून आखलेली असते. त्या मोडमध्ये माऊसचं रक्त घातलं तर लहान लाल पेशींचा खालचा काठ प्लेटलेटच्या खात्यात जमा होतो. माऊसच्या प्लेटलेट मुळातच मायक्रोलिटरमागे १० लाखांच्या घरात असतात, त्यामुळे आणखी लाखभर वाढले तरी कुणाच्या नजरेत भरत नाही. यावर खात्रीचा उपाय म्हणजे आकडा वाचण्याआधी हिस्टोग्राम, म्हणजे पेशींच्या आकारांचा आलेख, पाहणं. प्लेटलेटचा उंचवटा संपून लाल पेशींचा सुरू होण्याआधी रेषा जवळजवळ तळाला टेकली पाहिजे. ती मध्येच लटकत असेल तर सीमा चुकली आहे किंवा रक्तात पेशींचे तुकडे आहेत. पेशी फोडणाऱ्या औषधांच्या अभ्यासात दुसरी शक्यता खरी असू शकते, म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी स्मिअर बघायचा.

आता मूळ मुद्दा. प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन ही ८-अमिनोक्विनोलिन गटातली औषधं. प्रायमाक्विनपासून शरीरात तयार होणारे हायड्रॉक्सिल असलेले घटक लाल पेशीत ऑक्सिडेशनचा मारा करतात. त्यातून दोन गोष्टी घडतात. हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस अवस्थेतून फेरिक अवस्थेत जातं, म्हणजे मेथहिमोग्लोबिन होतं. आणि बिघडलेलं ग्लोबिन गोळा होऊन पेशीच्या आतल्या कडेला चिकटतं, त्या हाइन्झ बॉडी. डॅप्सोनचंही असंच. क्लोरप्रोग्वानिल आणि डॅप्सोन यांची जोडगोळी जी६पीडीची (लाल पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असलेल्या रुग्णांत लाल पेशी फुटल्यामुळे २००८ मध्ये मागे घ्यावी लागली होती.

मेथहिमोग्लोबिन काउंटरला का दिसत नाही? कारण त्याचा लायझ (लाल पेशी फोडणारं द्रावण) सगळ्या हिमोग्लोबिनला एकाच रंगीत रूपात आणतो आणि मग ५४० नॅनोमीटरच्या आसपास मोजतो. हिमोग्लोबिन हाताने मोजण्याच्या ड्रॅबकिनच्या पद्धतीतही हेच होतं. ४० टक्के मेथहिमोग्लोबिन असलेला, रक्त चॉकलेटी पडलेला प्राणी कागदावर १४ ग्रॅम हिमोग्लोबिन घेऊन ठणठणीत दिसतो.

मेथहिमोग्लोबिन मोजायला को-ऑक्सिमीटर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर १९३८ पासूनची एव्हलिन-मॅलॉय पद्धत आजही चालते. रक्त पाण्यात फोडून ६.६ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये घ्यायचं, ६३० नॅनोमीटरवर पहिलं वाचन, सायनाइड घालून दुसरं. त्याच द्रावणाच्या दुसऱ्या भागात फेरिसायनाइड घालून सगळं हिमोग्लोबिन मेथमध्ये बदलायचं, तिसरं वाचन, पुन्हा सायनाइड, चौथं. पहिल्या दोन वाचनांतला फरक भागिले शेवटच्या दोन वाचनांतला फरक, गुणिले १००, ही टक्केवारी. दोन्ही भागांचं पातळीकरण सारखं असेल तरच हे गणित बरोबर येतं. फोडलेलं रक्त गढूळ असेल तर आधी सेंट्रिफ्यूज करायचं. सायनाइडचं काम फ्यूम हूडमध्येच, आणि त्या टेबलावर आम्लाची बाटली नको.

इथे सगळ्यात जास्त चुकतं ते वेळेचं. रॅट आणि माऊसच्या लाल पेशींत मेथहिमोग्लोबिन पुन्हा पूर्वपदावर आणणारं एन्झाइम माणसापेक्षा बरंच जास्त काम करतं. डोस सकाळी आणि रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी, असा नेहमीचा क्रम ठेवला तर शिखर येऊन ओसरलेलं असतं आणि अहवालात 'परिणाम नाही' असं येतं. आधी दोन-तीन प्राण्यांत डोसनंतर १, २, ४, ८ आणि २४ तासांनी मोजून शिखर शोधायचं, मग मुख्य अभ्यासाची वेळ ठरवायची. रक्त काढल्यावरही ते एन्झाइम नळीत काम करत राहतं, म्हणून नमुना बर्फावर ठेवून तासाभरात वाचायचा. कुत्रा या बाबतीत माणसाच्या जास्त जवळचा आहे.

हाइन्झ बॉडीची गोष्ट आणखी गमतीची, कारण तिथे यंत्र उघडपणे खोटं सांगतं. लायझने लाल पेशीचं आवरण फुटतं, पण आतला घट्ट गोळा विरघळत नाही. हे गोळे पांढऱ्या पेशींच्या कप्प्यात तरंगतात आणि पेशी म्हणून मोजले जाऊ शकतात. शिवाय त्यांच्यामुळे द्रावण गढूळ होतं, प्रकाश अडतो, आणि हिमोग्लोबिन खोटंच जास्त येतं. ज्या प्राण्याच्या लाल पेशी फुटताहेत त्याचं हिमोग्लोबिन वाढलेलं दाखवणारा कागद हाती येतो. ओळखायची खूण म्हणजे एमसीएचसी, लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनची सरासरी तीव्रता. ३८ च्या वर गेला की शंका घ्यायची, कारण पेशीत त्याहून जास्त हिमोग्लोबिन सहसा मावत नाही. हिमोग्लोबिनची तिप्पट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) यांचा मेळ तुटला, किंवा पांढऱ्या पेशी एकाएकी वाढल्या पण स्मिअरमध्ये त्या दिसत नाहीत, तरी हेच समजायचं. मात्र नमुना काढतानाच पेशी फुटल्या असतील तरीही एमसीएचसी चढतो. प्लाझ्मा लाल आहे का ते केशनळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पाहिलं की दोन्हींतला फरक बराचसा कळतो.

अशा नमुन्याचं हिमोग्लोबिन हाताने काढावं. २० मायक्रोलिटर रक्त ५ मिलिलिटर ड्रॅबकिनमध्ये, माऊस असेल तर १० मायक्रोलिटर अडीच मिलिलिटरमध्ये, १० मिनिटं ठेवून सेंट्रिफ्यूज, आणि वरचा स्वच्छ भाग ५४० वर. सेंट्रिफ्यूजची पायरी वगळली तर हातानेही तीच चूक होते.

हाइन्झ बॉडी नेहमीच्या लीशमन किंवा गिम्सा रंगात नीट दिसत नाहीत. फार तर पेशीच्या कडेला फिकट फुगवटा दिसतो. न्यू मेथिलीन ब्लू किंवा सलाइनमधल्या ०.५ टक्के क्रिस्टल व्हायोलेटमध्ये रक्त समप्रमाणात मिसळून १० ते १५ मिनिटं ठेवायचं आणि मग स्मिअर ओढायचा. ताजं रक्तच हवं. न्यू मेथिलीन ब्लूमध्ये रेटिक्युलोसाइटची जाळीही रंगते, त्यामुळे एकाच स्लाइडवर दोन्ही मोजण्याचा मोह होतो. नवख्याने तो टाळावा आणि हाइन्झसाठी क्रिस्टल व्हायोलेट वापरावं.

रेटिक्युलोसाइटचा प्रश्न मुख्यतः आर्टेमिसिनिन गटाचा. आर्टेसुनेट आणि त्याची भावंडं मज्जेतल्या लाल पेशींच्या पूर्वज पेशींना झोडपतात. गाभण रॅटमध्ये गर्भाच्या आद्य एरिथ्रोब्लास्टवरच घाव बसतो, आणि या औषधांच्या भ्रूणविषारीपणामागचं ते मुख्य कारण मानलं जातं. प्रौढ प्राण्यात पहिली खूण म्हणजे रक्तातले रेटिक्युलोसाइट कमी होणं. रॅटची लाल पेशी सुमारे ६० दिवस जगते. नवीन पेशी पूर्णपणे थांबल्या तरी दिवसाला जेमतेम १.७ टक्के पेशी कमी होतात. सात दिवसांच्या अभ्यासात ही घट १२ टक्क्यांच्या आत राहते आणि गटातल्या नैसर्गिक फरकात सहज बुडते. रेटिक्युलोसाइट मात्र दोन-तीन दिवसांतच कोसळलेले असतात. माऊसच्या पेशीचं आयुष्य ४० दिवसांच्या आसपास, त्यामुळे तिथे घट थोडी लवकर दिसते, एवढाच काय तो फरक. फक्त काउंटरच्या कागदावर विसंबून आठवड्याभराच्या अभ्यासात 'रक्तावर परिणाम नाही' असं लिहिणं म्हणजे पाहिलंच नाही असं लिहिणं.

हाताने मोजायचं तर नेहमीची १००० पेशींची मोजणी इथे तोकडी पडते. प्रमाण २ टक्के असेल तर २० रेटिक्युलोसाइट सापडतात आणि निव्वळ योगायोगाने साडेचार-पाचचा फरक पडतो. औषधाने प्रमाण ०.३ टक्क्यांवर आलं असेल तर तीनच सापडतील, आणि तीनवरून काहीच बोलता येत नाही. आयपीसमध्ये मिलर डिस्क बसवावी. तिच्यात लहान चौकोन मोठ्याच्या एक नवमांश असतो. मोठ्यात रेटिक्युलोसाइट मोजायचे, लहानात लाल पेशी, आणि लाल पेशींची बेरीज नऊने गुणायची. थोड्या वेळात काही हजार पेशी नजरेखालून जातात. टक्केवारीवर न थांबता लाल पेशींच्या संख्येने गुणून प्रत्यक्ष संख्या द्यावी. कोवळ्या रॅटमध्ये रेटिक्युलोसाइट प्रौढांपेक्षा बरेच जास्त असतात आणि वाढीबरोबर आपोआप उतरतात, म्हणून पुस्तकातल्या आकड्याशी तुलना न करता त्याच दिवशीच्या कंट्रोल गटाशी करायची.

थ्री-पार्ट डिफरन्शियल या कामात जवळपास निरुपयोगी आहे. लायझनंतर उरलेल्या पेशी नुसत्या आकारावरून लिम्फोसाइट, मधल्या आणि ग्रॅन्युलोसाइट अशा वाटल्या जातात. रॅट-माऊसच्या रक्तात ७० ते ८५ टक्के लिम्फोसाइटच असतात, त्यांतले काही मोठे. न्यूट्रोफिल थोडे, त्यांचं केंद्रक बऱ्याचदा कड्यासारखं. घट शोधायची असते ती नेमकी याच थोड्या पेशींत. पायरिमेथामिन फोलेटच्या (पेशी बनायला लागणाऱ्या जीवनसत्त्वाच्या) वाटेत आडवं येतं आणि न्यूट्रोफिल, प्लेटलेट, लाल पेशी सगळ्यांनाच फटका बसू शकतो. तिथे स्मिअरवर २०० पेशी मोजून प्रत्यक्ष संख्या काढावी. रॅटमध्ये हा परिणाम सौम्य दिसला तर लगेच हुरळून जाऊ नये. खाद्यातलं फोलेट आणि स्वतःची विष्ठा खाण्याची सवय यांमुळे त्याला फोलेटचा बाहेरून पुरवठा होत असतो. क्लोरोक्विन दीर्घकाळ दिलं तर लिम्फोसाइटमध्ये पोकळ्या दिसू शकतात. त्या फक्त डोळ्यालाच दिसतात, काउंटरच्या लेखी ती नेहमीची पेशी असते. मज्जा खवळलेल्या प्राण्यात केंद्रक असलेल्या लाल पेशी पांढऱ्यांत मोजल्या जातात. १०० पांढऱ्यांमागे अशा किती दिसतात ते पाहून यंत्राचा आकडा १०० ने गुणायचा आणि १०० अधिक ती संख्या यांनी भागायचा.

काही परिणाम कुठल्याच यंत्राने या प्राण्यांत सापडत नाहीत. क्विनाइनमुळे माणसात प्लेटलेट घसरतात त्या औषधावर अवलंबून असलेल्या अँटीबॉडीमुळे. ॲमोडायक्विनने क्वचित ग्रॅन्युलोसाइट नाहीसे होतात, तेही थोड्याच माणसांत. निरोगी रॅटच्या गटात हे न दिसणं म्हणजे औषधाला दिलेलं प्रशस्तिपत्र नव्हे. जी६पीडीचंही तसंच. साध्या रॅटमध्ये हे एन्झाइम भरपूर असतं. यासाठी प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या एनओडी/एससीआयडी माऊसमध्ये जी६पीडी कमी असलेल्या माणसाच्या लाल पेशी सोडून केलेलं मॉडेल आहे. त्या रक्तात काउंटरला दोन आकारांच्या लाल पेशींचे दोन उंचवटे दिसू शकतात, पण त्यातून टक्केवारी काढू नये. माणसाच्या पेशी किती उरल्या ते अँटीबॉडी लावून फ्लो सायटोमीटरवरच मोजायचं.

प्लास्मोडियम बर्गेई (उंदरांमधला मलेरियाचा परजीवी) सोडलेल्या माऊसचं रक्त हा वेगळाच घोळ. हा परजीवी कोवळ्या लाल पेशी पसंत करतो, रक्तक्षय तो स्वतःच घडवतो, आणि न्यू मेथिलीन ब्लूमध्ये तोही निळा दिसतो. फ्लुरोसन्सवर चालणाऱ्या महागड्या यंत्रांत त्याच्या न्यूक्लिइक ॲसिडमुळे परजीवी असलेली पेशी रेटिक्युलोसाइट म्हणून मोजली जाऊ शकते. औषधाचा दुष्परिणाम शोधायचा असेल तर संसर्ग नसलेल्या प्राण्यांचा वेगळा गट हवाच. चार दिवसांच्या परिणामकारकता चाचणीतून उरलेल्या रक्तावर विषारीपणाचे निष्कर्ष काढणं ही काटकसर महागात पडते.

नमुन्याबद्दल थोडं. काउंटरच्या नावाने ओरड होते त्यातली बरीच तक्रार खरं तर नळीची असते. माऊसचं रक्त चटकन गोठतं. डोळ्याला न दिसणारी गुठळी प्लेटलेट पळवते आणि छिद्रही तुंबवते. रक्त गोठू न देणारं ईडीटीए मिलिलिटरमागे दीड ते पावणेदोन मिलिग्रॅम पुरे. अर्ध्या मिलिलिटरच्या नळीत १०० मायक्रोलिटर रक्त घेतलं तर ईडीटीएचं प्रमाण पाचपट होतं, पेशी आकसतात, आणि एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) व हिमॅटोक्रिट खाली येतात. लहान नळी नुसती उलटसुलट करून मिसळत नाही. बोटांत फिरवावी, हलके टिचकवावी. फ्रिजमधला नमुना खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय घालू नये. खोलीच थंड असेल तर लायझ अर्धवट राहतो आणि पांढऱ्या पेशींचा आकडा फुगतो. शेपटीच्या टोकाचं आणि हृदयातलं रक्त एकाच तक्त्यात मांडू नये, कारण पांढऱ्या पेशींचे आकडे जागेनुसार बदलतात. आणि सगळे कंट्रोल सकाळी, वरचा डोस दुपारी असा क्रम तर अजिबात नको. गट मिसळूनच रक्त काढावं.

डोसचा हिशेब लिहिताना वजन औषधाच्या क्षाराचं (सॉल्टचं) की नुसत्या बेसचं हे स्पष्ट करावं. २६.३ मिलिग्रॅम प्रायमाक्विन फॉस्फेट म्हणजे १५ मिलिग्रॅम बेस, आणि २५० मिलिग्रॅम क्लोरोक्विन फॉस्फेट म्हणजे १५० मिलिग्रॅम बेस. दोन अभ्यासांतले रक्ताचे आकडे जुळत नाहीत तेव्हा कधी कधी कारण एवढंच असतं.

नियमांच्या दृष्टीने पाहिलं तरी निव्वळ थ्री-पार्ट अपुरा पडतो. ९० दिवसांच्या अभ्यासासाठीच्या ओईसीडी ४०८ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत रेटिक्युलोसाइटची मोजणी अपेक्षित आहे. २८ दिवसांच्या ४०७ मध्ये, पदार्थात ऑक्सिडेशनची क्षमता असल्याचा संशय असेल तर मेथहिमोग्लोबिन आणि हाइन्झ बॉडी पाहायला सांगितलं आहे. ८-अमिनोक्विनोलिनच्या बाबतीत संशयाला जागाच उरत नाही. लेझरवरची, प्राण्यांचं सॉफ्टवेअर असलेली यंत्रं रेटिक्युलोसाइट आणि डिफरन्शियल दोन्ही देतात. महिन्याला शेकडो नमुने असतील तर तीच घ्यावीत. तेवढे नसतील तर थ्री-पार्ट, मिलर डिस्क आणि स्लाइड वाचणारा एक तयार माणूस, हे त्रिकूट जास्त उपयोगाचं.

विकत घेताना कागदावरच्या प्रजातींच्या यादीला भुलू नये. प्रजातीचं सेटिंग स्वतःला बदलता येतं का, हिस्टोग्राम बाहेर काढता येतो का, हे विचारावं. सोबत मिळणारं कंट्रोल रक्त बऱ्याचदा मानवी पेशींच्या आकाराचं असतं. त्याने यंत्र ठीक चालतंय एवढं कळतं, माऊसची सीमा बरोबर आहे हे कळत नाही. प्रात्यक्षिकात एकच रॅटचं रक्त दहा वेळा चालवून घ्यावं: हिमोग्लोबिनचा फरक २ टक्क्यांच्या आत, पांढऱ्या पेशींचा ५ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. कॅरीओव्हरसाठी (आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात येतो का, यासाठी) जास्त संख्येचा नमुना तीनदा, लगेच कमी संख्येचा तीनदा. कमी नमुन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या वाचनातला फरक, भागिले जास्तच्या आणि कमीच्या तिसऱ्या वाचनांतला फरक, एक टक्क्याच्या आत असावा. आणि विक्रेत्याचा माणूस समोर असतानाच, हाइन्झ बॉडी घडवणारं ॲसिटिलफेनिलहायड्रॅझिन घालून ३७ अंशांवर दोन ते चार तास ठेवलेलं रॅटचं रक्त त्यात घालावं. हाइन्झ बॉडी झाल्याची खात्री आधी क्रिस्टल व्हायोलेटखाली करून घ्यावी. एमसीएचसी वर गेल्यावर यंत्र इशारा देतं का, की निमूटपणे छापतं, हे त्या एका नमुन्यात दिसतं. इशारा न देणारं मॉडेल या कामासाठी घेऊ नये, किंमत कितीही कमी असो.